मागणीवहीतल्या एका ओळीबद्दल

ग्रंथपाल मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचे नाव लिहीत नाही, कारण वाचनालयाच्या वर्धापनदिनी सत्काराला नाव पुकारल्यावर तुम्ही कपाटांच्या रांगेआड जाऊन उभ्या राहिलात ते मी पाहिले आहे. तरीही पत्र उघड लिहिते आहे. जे सांगायचे आहे ते गेल्या आठवड्यात तुमच्या टेबलापाशी उभी राहून सांगायला गेले, पण गळा दाटून आला आणि वर्गणीची पावती घेऊन मुकाट्याने परत फिरले.

मी पंचेचाळिशी ओलांडलेली, पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करणारी बाई आहे आणि मला फँटसी वाचायला आवडते. त्यातही जुन्या परीकथा नव्याने सांगणारी आणि ज्या माणसांना त्या कथांत आजवर कुणी जागा दिली नाही त्यांना मध्यभागी आणणारी पुस्तके मला विशेष आवडतात. हे मी जिथे जिथे सांगितले तिथे तिथे माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. पूर्वी ज्या वाचनालयाची मी सभासद होते तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता, ‘बालविभाग वरच्या मजल्यावर आहे,’ असे सांगितले. एका पुस्तकाच्या दुकानात मुलीचे वय विचारले गेले. ज्या वाचक मंडळात मी मोठ्या उत्साहाने जात असे, तिथे तर एका विद्वान सदस्यांनी निकालच दिला की परीकथा युरोपच्या, त्यात सावळ्या राजकन्या आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका घुसवणे हे सगळे हल्लीचे अमेरिकन खूळ आहे. त्या मंडळींना तिथे उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे देते. तुमचा थोडा वेळ घेते.

सिंड्रेलाची कथा फ्रेंच लेखक पेरो याने १६९७ मध्ये छापली आणि ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये. परंतु चीनमध्ये दुआन चेंगशी याने नवव्या शतकातच येशियान नावाच्या मुलीची कथा लिहून ठेवली होती, आणि तीत सावत्र आईचा जाच आहे, मदत करणारा मासा आहे आणि हरवलेला जोडाही आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात हंची आहे, जी आपले रूप मातीच्या मुखवट्याआड लपवून दुसऱ्यांच्या घरी राबते, लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी या कथेवर लिहिले आहे. १८६८ मध्ये मेरी फ्रिअर यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला. मुंबईच्या गव्हर्नरांच्या या मुलीला त्या कथा सांगणारी होती तिची आया, गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली ॲना लिबराता डिसूझा. त्या संग्रहातल्या सोदेवाबाईचाही जोडा हरवतो. आणि आपल्या घरातली शिवामुठीची कहाणी काय आहे? राजाला चार सुना, तिघी आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे आणि राहायला गुरांचे बेडे. श्रावणात ही कहाणी दरवर्षी ऐकणाऱ्या घरातल्या माणसाने परीकथा ही युरोपची मालमत्ता ठरवावी, याचे मला हसू येते.

मूळ कथेला हात लावू नये म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ग्रिम बंधूंनी स्वतःच तिला हात लावला. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आई या नात्याला डाग लागू नये म्हणून केलेला तो बदल चालतो आणि राजकन्येचा रंग बदलला की मात्र परंपरा बुडते!

‘घुसवणे’ हा आरोप तर बहुतेक वेळा उलट्या बाजूने खरा असतो. अर्सुला ली ग्विन यांनी १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये आपला नायक तांबूस तपकिरी कातडीचा आणि त्याचा जिवलग मित्र काळा, असे स्वच्छ लिहिले होते. तरी कितीतरी मुखपृष्ठांवर तो नायक गोरा झाला, आणि २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेतही त्याचे काम गोऱ्या नटाला दिले गेले, तेव्हा लेखिकेला जाहीर निषेध करावा लागला. माणसे तिथे होतीच. त्यांना पुसून टाकण्याचे काम इतरांनी केले.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्याकडे सभासद झाल्यावर मी नाओमी नोविक यांच्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’ या २०१८ च्या कादंबरीची मागणी नोंदवायला आले, तेव्हा सवयीने मनात खुलासा तयार ठेवला होता: हे लहान मुलांचे पुस्तक नाही, याला वाङ्मयीन मोल आहे, वगैरे. तुम्ही काहीच विचारले नाही. लेखिकेच्या नावातली अक्षरे मात्र एकदा नीट विचारून घेतलीत. मागणीवहीत माझे नाव लिहिलेत आणि पेन खाली न ठेवता त्याखालच्या ओळीवर स्वतःचे नाव लिहिलेत. ‘तुमचे वाचून झाले की माझा नंबर,’ एवढेच म्हणालात आणि पुढच्या सभासदाकडे वळलात.

हे तुमच्या लक्षातही नसेल. पुस्तक कसे मागवले, पैसे कुठल्या खात्यातून काढले, समितीला काय सांगितले, हे मला ठाऊक नाही आणि त्याचे श्रेय वेगळे आहे. माझे मन त्या ओळीवर अडकले आहे. आवड चालवून घेणारी माणसे मला अधूनमधून भेटली आहेत. ‘वाचा हो, ज्याची त्याची आवड’ असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर एक उदार हसू असते, ते मला त्या विद्वानांच्या निकालापेक्षाही जास्त बोचते. तुम्ही माझ्या आवडीला उत्तेजन दिले नाहीत, तिचे कौतुक केले नाहीत. माझ्या मागे रांगेत उभ्या राहिलात. सभ्यपणा म्हणतात तो बहुधा असाच, स्वतःची जाहिरात न करणारा असावा, आणि ज्याला तो लाभतो त्याला तो घरी पोहोचल्यावर कळतो.

पुस्तकाबद्दलही लिहायला हवे, कारण नुसत्या आभारांनी तुमचे समाधान होणार नाही. या प्रकारातली सगळीच पुस्तके चांगली असतात असा माझा दावा नाही. पुष्कळ पुनर्कथनांत मुखपृष्ठावरचा रंग बदलतो, नायिकेच्या हाती तलवार येते, तोंडी चुरचुरीत संवाद येतात आणि आत जुनाच राजपुत्र जुन्याच घोड्यावरून येतो. माणूस बदलला म्हणजे कथेने त्याच्या पोटापाण्याचा, त्याच्या देवाचा आणि त्याच्या भीतीचाही विचार करायला हवा. एन. के. जेमिसिन यांचे ‘द फिफ्थ सीझन’ मला याच कारणासाठी मोठे वाटते. तिथे जगाचा अंत जवळ आलेला असताना वाट तुडवत निघालेली नायिका बेचाळीस वर्षांची, काळी, मूल गमावलेली आई आहे, आणि तिचे वय, तिचा थकवा, तिचा राग यांतूनच कथा चालते. त्या पुस्तकाला आणि त्याच्या पुढच्या दोन भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. माझ्या वयाची बाई फँटसीत एरवी चेटकीण तरी असते किंवा पहिल्या प्रकरणात मरते.

‘स्पिनिंग सिल्व्हर’ने मला याहून जवळून गाठले. गवताचे सोने करून देणारा आणि मोबदल्यात मूल मागणारा बुटका ही ग्रिमची कथा. त्या बुटक्याच्या चित्रणात सोन्याचा लोभी ज्यू या जुन्या विखारी कल्पनेची सावली अनेकांना दिसली आहे, आणि ग्रिम बंधूंच्या संग्रहात ज्यू माणसाचा छळ विनोद म्हणून सांगणारी कथा उघडउघड आहेच. नोविक यांचे वडिलांकडचे घराणे लिथुआनियातल्या ज्यूंचे. त्यांनी कथा उलटी फिरवली आणि सावकाराच्या मुलीला नायिका केले. मिर्येमचा बाप भिडस्त आहे, कर्जाऊ दिलेले पैसे त्याला परत मागता येत नाहीत. गाव त्याच्याच पैशावर सुखात आणि त्याचे घर उपाशी. आई आजारी पडते तेव्हा ही मुलगी थंडीवाऱ्यात दारोदार जाऊन वसुली करते आणि गाव तिलाच निर्दय ठरवते. मूळ गोष्ट ही खरे तर देणे बुडवणाऱ्यांची गोष्ट आहे, असे ती सुरुवातीलाच बजावते.

मॅडम, थकलेल्या हप्त्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, ते मी रोज अनुभवते. चपला ओट्यावर दिसत असतात आणि आतून ‘घरात नाहीत’ असा आवाज येतो. ठेवीदारांचे पैसे परत मागणारी बाई ही कुठल्याही कथेत खलनायिकाच असते, हे मी गृहीत धरले होते. बर्फाच्या राज्यातला राजा जिच्याकडे चांदीचे सोने करून मागतो ती मुलगी माझ्याच धंद्यातली निघावी, आणि तिच्या कठोरपणाची किंमतही लेखिकेने लपवू नये, हे मला अगदी अनपेक्षित होते. ज्यू नसलेल्या, बर्फ न पाहिलेल्या बाईला त्या मुलीत स्वतःचे काम दिसते. विविधतेच्या पुस्तकांचा उपयोग फक्त त्या त्या समाजाला आहे, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुस्तक तुम्ही माझ्यानंतर खरोखरच वाचलेत. गेल्या आठवड्यात पावती फाडता फाडता तुम्ही विचारलेत, ‘वांडाच्या बापाचे कर्ज तुम्ही माफ केले असते का?’ माझ्या वाचनाबद्दल आणि माझ्या कामाबद्दल एकाच वेळी कुणी काही विचारावे, असे आधी कधी घडले नव्हते, म्हणून तेव्हा उत्तर देता आले नाही. ते आता देते.

मी माफ केले नसते. वांडा ही मिर्येमच्या बापाच्या एका कर्जदाराची मुलगी. तिचा बाप दारुडा आहे, मारकुटा आहे, आणि त्याचे देणे फेडायला वांडाला मिर्येमच्या घरी कामाला जावे लागते, हे वरवर अन्यायाचे दिसते. पण त्या कर्जामुळेच तिला रोज त्या घरातून बाहेर पडता येते, ती आकडे शिकते, हिशेब ठेवू लागते आणि बापाला तिला परस्पर कुणाच्या गळ्यात बांधता येत नाही. दयेपोटी सावकाराने वही फाडली असती तर वांडा दुसऱ्या दिवशी बापाच्या चुलीपाशी परत गेली असती. मी कर्ज तसेच ठेवले असते, व्याज बंद केले असते आणि रोजची मजुरी बापाच्या नव्हे, वांडाच्या नावावर लिहिली असती. तुम्हाला हे पटते का, ते पुढच्या वेळी पुस्तक बदलायला येईन तेव्हा सांगा.

आपली,
वसुली विभागातली एक सभासद