पाने झाकून ठेव, असे तू म्हणायचास

पुणे, १८ जानेवारी २०२६

प्रिय मोहन,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढे वाच. प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

मी गेल्या आठवड्यात गोव्याला जाऊन मांडवीतल्या एका बोटीवर पोकरची स्पर्धा खेळलो. घरी 'ऑफिसचे काम' म्हणून सांगितले आहे, तेव्हा हे पत्र वाचून फाड. प्रवेशशुल्क २५ हजार रुपये होते. आकडा वाचून तू कपाळाला हात लावशील, पण पैशांचे दुःख तितकेसे नाही, आणि जे आहे ते तुझ्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

मोबाइलवर मी सहा वर्षे खेळलो. गेल्या ऑगस्टच्या कायद्याने पैशांचा तो खेळ बंद झाला, म्हणून प्रत्यक्ष टेबलावर बसलो आणि तिथे कळले, की इतकी वर्षे यंत्रच मला सांभाळून घेत होते. पडद्यावर पाळी नसताना बोलता येत नाही, रक्कम चुकत नाही आणि पाने कोणी उचलून नेत नाही. टेबलावर मात्र माणसाचे हात आणि तोंडच त्याचे वैरी असतात. माझे हात तर चिप्स मोजतानाही थरथरत होते, आणि समोरचा गृहस्थ ते मोठ्या आस्थेने पाहत होता.

ब्लाइंड, म्हणजे पाने येण्याआधीच दोघांनी घालायच्या सक्तीच्या रकमा, १,०००-२,०००चे होते, माझ्यापुढे ६०,०००च्या चिप्स होत्या आणि हातात बादशहाची जोडी आली. मी रुबाबात, एक शब्दही न बोलता, ५,०००ची एकच चिप पुढे सरकवली. डीलर शांतपणे म्हणाला, "कॉल." वाढवतो असे तोंडाने न म्हणता एकच मोठी चिप टाकली, तर ती नुसती बरोबरी धरतात. हा नियम मी वाचलेला होता, मोहन, पाठ होता! बिग ब्लाइंडवाल्याने, म्हणजे २,००० आधीच घातलेल्या गड्याने, फुकटात अठ्ठी आणि तिर्री घेऊन फ्लॉप, म्हणजे सर्वांसाठी टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते, पाहिला आणि त्याच्या दोन जोड्या झाल्या. घाबरून मी पैज लावताना चिप्स दोन हप्त्यांत पुढे ढकलल्या, तेव्हा डीलरने पहिलाच हप्ता ग्राह्य धरला आणि टेबलावरचा एक कोवळा पोरगा मला "अंकल, आधी आकडा बोला" म्हणून समजावू लागला. त्या एका डावात २८,००० गेले. तुझ्या नानांनी मला 'मुका सावकार' हे नाव ठेवले होते, ते त्या क्षणी आठवले.

खरी गोष्ट पुढेच आहे. माझी जागा पहिली, म्हणजे डीलरच्या डाव्या हाताला अगदी लागून. इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा गुलाम आले. एकाने ५,००० केले आणि मी या वेळी खणखणीत "कॉल" म्हणालो. या पराक्रमावर इतका खूश झालो, की पाने राखायला त्यांच्यावर चिप ठेवायची ती राहिली. शेजाऱ्याने टाकलेली पाने माझ्या पानांवर येऊन पडली आणि डीलरने दोन्ही मिळून गोळा केली. मी ओरडलो. फ्लोअर मॅनेजर आला, त्याने ऐकून घेतले आणि अतिशय सभ्यपणे सांगितले, की पाने राखणे ही खेळाडूची जबाबदारी आहे, ढिगात गेलेली पाने मेली आणि घातलेले ५,००० तिथेच राहतील. त्यानंतर फ्लॉपवर दोन इस्पिक आले, चौथे पानही इस्पिकच, म्हणजे माझी पाच इस्पिके झाली असती. मी नुसता बघत बसलो.

तासाभराने एक्का-चौकीवर सर्वस्व लावून बाहेर पडलो. जिंकलो असतो तरी ३० टक्के करात गेले असते, हे समाधान मी धक्क्याकडे परतणाऱ्या बोटीची वाट पाहताना शोधून काढले. हरलेल्या माणसाला नदीतून तडक चालत निघून जाता येत नाही, ही त्या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

आता खोली क्रमांक १४मधला आपला पत्त्यांचा डाव आठव. दिवे गेले होते, तू मेणबत्ती आणायला उठलास आणि मी तुझी पाने गड्डीत मिसळून टाकली. तू तीन नव्व्या असल्याचे शपथेवर सांगत होतास आणि मी "हातातून सुटलेले पान मेले" असा कायदा सांगत होतो. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस, शिरीषलाही मीच माझ्या बाजूला वळवले. त्या मॅनेजरचे वाक्य ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. त्याला निदान माझी पाने ठाऊक नव्हती. मी मात्र मिसळण्यापूर्वी तुझी पाने उलटून पाहिली होती. तीन नव्व्याच होत्या.

डाव ४० रुपयांचा होता. सोबत पाठवत आहे.

चिऊची बारावी कशी चालली आहे? काकूंच्या गुडघ्याचे काय झाले? बदली झाली असेल तर नवा पत्ता कळव, नाही तर हे पैसेही ढिगात जायचे.

तुझा,
सुधाकर