पोटरीचे काय, संपादक महाशय?

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला गेमिंगवरचा लेख वाचला. डोळे आले, मान आली, मनगट आले, लठ्ठपणा आला, व्यसन आले. पालकांनी मुलांशी संवाद साधावा, हेही आले (ते तुमच्याकडे पाककृतींच्या सदरातसुद्धा येते). पाय मात्र कुठेच आले नाहीत. लेखकाच्या मते गेम खेळणारा माणूस बहुधा कमरेपाशी संपतो. आणि त्याच पानावर खाली गेमिंग चेअरची भली मोठी जाहिरात. तासन्‌तास बसले तरी अंग दुखत नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितलेला. या योगायोगाबद्दल आपले अभिनंदन.

असली एक खुर्ची आमच्याही घरात आहे. माझ्या पुतण्याने ती हप्त्यावर घेतली. चतुर्थीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. बाहेर गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधली जात होती, आरत्यांना घुमटे ही मातीची वाद्ये घुमत होती आणि हे चिरंजीव आत दार लावून कसल्याशा स्पर्धेत. पहाट झाली तरी उठायचे नाव नाही. पाणी पी म्हटले तरी नको, कारण पाणी प्यायले की लघवीला उठावे लागते. ‘‘काकी, मॅच पॉज जायना गो!’’ नेवऱ्यांची बशी कीबोर्डशेजारी तशीच.

विसर्जन झाले आणि त्याची डावी पोटरी दुखू लागली. जाऊबाईंचे निदान तयार होते: माटोळीचे सामान वर चढवताना पाय लचकला. ज्याने यंदा सुपारीच्या घडाला बोटसुद्धा लावले नाही, त्याचा पाय माटोळीने कसा लचकेल? पण फॅमिली डॉक्टरांनाही ते पटले. वेदनाशामक गोळी आणि चोळायला मलम. शिवाय घरचे खोबरेल तेल कोमट करून दोन वेळा मालीश.

मी निवृत्त परिचारिका आहे. भेटायला गेले तेव्हा त्याला आधी दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवायला लावले. डावी पोटरी उजवीपेक्षा उघड जाड, हाताला गरम, कातडी ताणून चकाकत होती. दोन्ही पाय सुजले तर कारणे पन्नास असतात. पण तरुण मुलाचा एकच पाय असा सुजला तर आधी शिरेतली गुठळी नाही ना, हे पाहायचे, एवढे वॉर्डात कोणीही शिकते. मालीश तिथल्या तिथे थांबवली. जाऊबाई दुखावल्या, अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी केली, तर गुडघ्यामागच्या खोल शिरेत गुठळी. चोळता चोळता तिचा तुकडा सुटला असता तर हृदयातून थेट फुफ्फुसात गेला असता. मग धाप लागते, छातीत कळ येते, आणि काही जणांना तेवढाही वेळ मिळत नाही. आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, निदान तीन महिने.

माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. त्याला काय काय विचारले गेले ते ऐका. सिगारेट ओढतोस का? विमानाने लांबचा प्रवास केलास का? ऑपरेशन, प्लास्टर? घरात कोणाला गुठळी झाली होती का? सगळे प्रश्न योग्य. पण रोज खुर्चीत किती तास बसतोस, हे कोणीच विचारले नाही, पहिल्या डॉक्टरांनी नाही आणि नंतरच्यांनीही नाही. मी आपणहून सांगितले तर ‘हो का’ म्हणून हसले. केसपेपरवर ते लिहिलेलेसुद्धा नाही. विमानातली खुर्ची रोग देते आणि घरातली देत नाही, असा काही शोध लागला असल्यास कळवावे.

बरे, हे काही आजचे नाही. २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका युरोपीय वैद्यकीय नियतकालिकात बत्तीस वर्षांच्या माणसाची अशीच केस छापली. दिवसाचे बारा तास, कधी अठरा, संगणकापुढे. पोटरीत गुठळी, तिथून फुफ्फुसात, जीव जाता जाता वाचला. त्यांनी त्याला ‘ई-थ्रॉम्बोसिस’ म्हटले, म्हणजे संगणकापुढे बसून होणारी गुठळी. त्याच्याही आधी, १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, आसऱ्याच्या जागी रात्रभर डेकचेअरवर बसून राहिलेली माणसे फुफ्फुसातल्या गुठळीने दगावली, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खुर्चीची पुढची दांडी मांडीखालच्या शिरा दाबते, हे तेव्हाच लक्षात आले होते. पायातले रक्त वर ढकलते ते पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने. माणूस हललाच नाही तर ते तिथेच साचते, आणि वर पाणीही प्यायला नाही तर आणखी घट्ट होते. बसणाऱ्या सगळ्यांनाच गुठळी होते असे मी म्हणत नाही, ती थोड्यांनाच होते. पण तासातून एकदा उठा, टाचा वर-खाली करा, पाणी प्या, या दोन ओळी लेखात मावल्या नसत्या का?

आपल्याकडे मात्र सगळा जोर गेमच्या नावावर. २०१९ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या आयटी मंत्र्यांनी पब्जी या मोबाइल गेमला घराघरातला राक्षस म्हटले. पुढच्या वर्षी केंद्राने तो बंद केला, तोही डेटाच्या सुरक्षेसाठी, कोणाच्या पायासाठी नव्हे. २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आला, मांडवी नदीतले कॅसिनो आहेत तिथेच तरंगताहेत. राक्षस बदलत राहिले, खुर्च्या तेवढ्या जास्त मऊ झाल्या.

आणि लेखक म्हणतात, मुलांना संध्याकाळी बाहेर चालायला न्या. कुठे नेऊ? आमच्या रस्त्याला फूटपाथ नाही. पाइपलाइनसाठी खणलेला चर अर्धवट बुजवलेला, त्यात दिवे बंद, आणि समोरून वाट चुकलेल्या पर्यटकांच्या रेंट-अ-कार. याच रस्त्याबद्दल मी पावसाळ्यात पाठवलेले पत्र तुम्ही छापलेत, पण त्यातला चराचा उल्लेख कापून. राहिले ते फक्त ‘गोव्याचे निसर्गसौंदर्य जपावे’ हे वाक्य, जे मी कधी लिहिले होते ते मलाही आठवत नाही.

या वेळी जागेअभावी कापायचेच झाले तर मंत्र्यांचा परिच्छेद खुशाल कापा. पोटरीचा तेवढा ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कुर्टी, फोंडा