सभामंडप पाडण्याआधी दोन दिवस द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या एका गावी दुसऱ्यांदा गेले. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या खेपेला ग्रामदेवतेच्या सभामंडपातल्या सोळा लाकडी खांबांचे मोबाइलवर फोटो काढले होते, तेही घाईत, उजेड जात असताना. या वेळी मोजपट्टी, आलेखाचे कागद आणि दोन दिवसांचे कपडे घेऊन गेले. एसटीतून उतरून चढण चढले आणि वाट चुकले की काय, असे वाटले. कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा मंडप, खाली ग्रॅनाइट, पायऱ्यांना स्टीलचे रेलिंग आणि देणगीदारांच्या नावांचा हा एवढा फलक.

"खांब?" गुरवकाका म्हणाले. "वाळवीने खाल्लेले ते. बरे होते तेवढे लिलावात गेले. एक आमच्याकडे आहे, बघायचा तर बघा."

तो त्यांच्या गोठ्याच्या पडवीला टेकू म्हणून उभा होता. म्हशीचे दावे त्यालाच बांधलेले. हिरव्या ऑइल पेंटचे पोपडे नखाने काढत गेले तसे खाली कमळाच्या पाकळ्या दिसल्या, वर राघूंची रांग आणि त्याच्याही वर, एका चौकटीत, वीतभर उंचीचा टोपीकर. डोक्यावर काठाची टोपी, अंगात घट्ट डगला, हातात साखळी, साखळीला कुत्रा. कुत्र्याचे शेपूट मात्र अगदी गावठी, वर गोल वळलेले. सुताराने साहेब कुठेतरी पाहिला असणार, पण कुत्रा आपल्या अंगणातलाच घेतला. पाच मिनिटे मी नुसती हसत उभी होते.

हसू ओसरल्यावर कामाचे प्रश्न सुरू झाले. हा खांब देवीच्या उजव्या अंगाचा की डाव्या? त्याच्या समोरच्या खांबावर कोण होते? मानकरी बसायची जागा याच्याखाली होती का? डगल्याच्या कापावरून काळाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज तपासायला शेजारचे पंधरा खांब लागतात. माझ्या जुन्या फोटोंत हा टोपीकर अंधारात गेला आहे. म्हणजे चूक माझीही आहे, हे इथेच कबूल करते.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावाने काही वावगे केलेले नाही. कोकणातल्या पावसात कौले दरवर्षी परतावी लागतात. ते काम करणारी माणसे आता मिळत नाहीत. तुळया पोखरलेल्या, शिमग्याला पालखी आत आली की सगळ्यांचा जीव वर. मुंबईच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढली, देवाला कौल लावला, उजवा कौल मिळाला आणि जीर्णोद्धार झाला. यात कुणी काही विचारायला हवे होते, हे त्यांना कोण सांगणार? ही देवळे संरक्षित स्मारकांच्या यादीत नाहीत, त्यामुळे १९६० चा पुरातत्त्वाचा कायदा त्यांच्या दारापर्यंत येतच नाही.

तेव्हा जीर्णोद्धार थांबवा, असे मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. ज्या देवळाच्या कामाला सरकारी पैसा लागतो, मग तो तीर्थक्षेत्र विकासाचा असो, जिल्हा नियोजनाचा असो की लोकप्रतिनिधीच्या निधीतला, त्याचा पहिला हप्ता सुटण्याआधी त्या देवळाची नोंद झालेली असावी. प्रत्येक खांब, तुळई, मूर्ती, वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड), गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड) यांचे मापासह फोटो आणि कोणती वस्तू कुठे होती, याचा हाताने काढलेला एक नकाशा. दोन माणसांचे दोन दिवसांचे काम आहे. अंदाजपत्रक आणि सातबारा जोडतातच, त्यात हा एक कागद वाढेल.

जागेवरच्या नोंदीला मी एवढी का चिकटले आहे, याचे उत्तर दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी आहे. पन्हाळे काजीची २९ लेणी आधी हीनयान बौद्धांची होती. पुढे वज्रयानी, म्हणजे तांत्रिक बौद्ध आले, त्यांच्या महाचंडरोषण या उग्र देवतेची मूर्ती आली. त्यानंतर नाथपंथीय आले आणि त्याच डोंगरात ८४ सिद्ध कोरले गेले. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना हजार-बाराशे वर्षांचा हा उलगडा करता आला, कारण मूर्ती जिथल्या तिथे होत्या. कोणती भिंत आधी, कोणता कोनाडा नंतर, हे दगडावरच वाचता आले. कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याच्या, तिथल्या ११३९ च्या ताम्रपटाने जागेचे जुने नावही दिले, प्रणालक. याच मूर्ती कुणी उचलून मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात ठेवल्या असत्या, तर त्या सुंदर दिसल्या असत्या आणि मुक्या राहिल्या असत्या. (देशपांड्यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे. पन्हाळे काजीच्या शाळेतल्या मुलांना तो मराठीत कधी मिळणार, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

आमच्या राजापूर तालुक्यातले कशेळी घ्या. तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कातळात कोरलेला आहे, पोटात लहानमोठ्या प्राण्यांची गर्दी घेऊन. त्याच गावात कनकादित्याचे देऊळ, आणि शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ चा ताम्रपटही कशेळीचाच. एका गावात एवढे काळ एकमेकांच्या शेजारी नांदतात. शिलाहारांचे लेख एकत्र संपादित करणारे वा. वि. मिराशी मूळचे देवगडकडच्या कुवळ्याचे. विद्वत्ता इथे पिकते, फक्त ती अभ्यासाला बाहेर जाते आणि सहसा परत येत नाही.

कातळशिल्पांनी मात्र उलटे करून दाखवले. रत्नागिरीतल्या हौशी माणसांनी सुट्टीच्या दिवशी सडे तुडवले, गुराख्यांना विचारले, माती झाडली, मापे घेतली. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, महाराष्ट्रातली आठ ठिकाणे आणि गोव्यातले एक. म्हणून माणसे कुठून आणायची, असे कृपा करून विचारू नका. रत्नागिरीत पुरातत्त्व विभागाचे कार्यालय आहे, महाविद्यालयांत इतिहासाची मुले आहेत, आणि प्रत्येक गावात मोबाइल घेऊन बसलेला निदान एक पोरगा आहे. त्याला फोटोत मोजपट्टी ठेवायला शिकवले की निम्मे काम झाले.

श्रद्धेचाही प्रश्न येईल. नवी मूर्ती बसली की जुनी, भंगलेली मूर्ती नदीच्या कोंडीत विसर्जित करतात. ती करू नका, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण विसर्जनाआधी फोटो काढायला एकाही मानकऱ्याने मला आजवर अडवलेले नाही. उलट एका ठिकाणी आजींनी मूर्तीवरचे शेंदराचे कवच हळूच बाजूला करून दाखवले, आणि खाली महिषासुराचे कापलेले मस्तक निघाले. गाव तिला पिढ्यान्‌पिढ्या केदारलिंगाची बहीण म्हणत होते. म्हणू देत. आपल्या वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या की झाले.

तीर्थक्षेत्राचा निधी ग्रामविकासकडे, पर्यटनाचा पर्यटनकडे आणि पुरातत्त्व आपल्याकडे, हे मला ठाऊक आहे. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर कसा फिरतो, तेही पाहिले आहे. म्हणूनच हे पत्र उघड लिहिते आहे.

घाई एवढ्यासाठी की याच तालुक्यातल्या आणखी एका देवळाची वर्गणी सुरू आहे. बारा खांब, घोडेस्वार कोरलेल्या तिरक्या धिऱ्या (आधाराची लाकडे), छताला कोरीव कमळ. पाऊस सरला की कामाला हात लागेल, असे कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितले. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. माणूस भला. डोके खाजवत म्हणाले, "बाई, माझी हरकत नाही. पण सरकारचा एखादा कागद आणा. म्हणजे मुंबईवाल्यांना सांगायला मला बरे पडेल."

तो कागद आपल्याकडे मागते आहे.

आपली,
कोकणातल्या काष्ठशिल्पांची एक अभ्यासक
राजापूर, जि. रत्नागिरी