तक्रार : नैसर्गिक शाम्पू कधी थांबवायचा, ते बाटलीवर का नाही?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : शिकेकाई-रिठा शाम्पूच्या (३०० मि.लि.) दोन बाटल्यांचे पैसे परत मिळण्याबाबत आणि तुमच्या प्रतिनिधींनी दिलेल्या सल्ल्याबाबत

महोदय,

जून महिन्यात मी तुमच्या संकेतस्थळावरून या दोन बाटल्या प्रत्येकी ५४९ रुपयांना मागवल्या. पहिली संपली. दुसरी निम्मी उरली आहे आणि ती समोर ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

मी पुण्याजवळ वाघोलीला राहते. आमच्या सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, नळाची जाळी महिन्याला काढून घासावी लागते. अशा पाण्यात तुमचा शाम्पू वापरायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात केस वाळल्यावरही तेल थापल्यासारखे राहू लागले. कंगव्याच्या दातांत करडा मेणचट थर जमायचा. नखाने खरवडला की त्याची गोळी व्हायची.

तुमच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं : "आपले केस डिटॉक्स होत आहेत, चार ते सहा आठवडे संयम ठेवा." सहा आठवडे ठेवला. पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य, वर "थोडं प्रमाण वाढवून बघा" असा सल्ला. चौदाव्या आठवड्यातही हेच उत्तर, फक्त शेवटी फुलाचं चित्र जास्तीचं. अहो, डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यातून चौदा आठवडे कसलं विष बाहेर पडत होतं? आधीच्या शाम्पूचा काही थर राहिला असेलच, तर तो चार-पाच धुण्यांत जायला हवा होता.

गणपतीत माहेरी, संगमेश्वरजवळच्या गावी गेले, तेव्हा दुसरी बाटली बरोबर नेली आणि तिथेच उघडली. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी, मऊ. त्याच शाम्पूने पहिल्याच दिवशी भरपूर फेस झाला आणि केस मोकळे. वहिनी म्हणाली, "हा चांगला आहे की, मलाही दे." वाघोलीला परतल्यावर तिसऱ्या धुण्यापासून पुन्हा कंगव्यात मेण.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आता राहवलं नाही. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत तुमच्या शाम्पूचे पाच-पाच थेंब टाकून झाकण लावून हलवल्या. आरओच्या बरणीत फेसाचा मनोरा उभा राहिला. नळाच्या बरणीत फेस नाहीच, फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले. मग लेबल नीट वाचलं. पाण्यानंतर पहिलाच घटक 'सॅपोनिफाइड कोकोनट ऑइल'. म्हणजे सरळ मराठीत खोबरेल तेलाचा साबण! मुलांना साबणीकरण मी शिकवते आणि बाटली घेताना हाच शब्द माझ्या नजरेतून सुटला, एवढी चूक माझी. शिकेकाई आणि रिठा यादीत आहेत, पण पार तळाशी.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारी साय तयार होते. तीच माझ्या केसांवर बसत होती. सोसायटीच्या पाणी तपासणी अहवालात कठीणपणा, म्हणजेच हा जडपणा, लिटरला ४८० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यात प्रमाण वाढवा असं सांगणं म्हणजे आणखी साय चढवा असं सांगणं. शाळेतली पीएच पट्टीही शाम्पूत बुडवून पाहिली, रंग ९ ते १० च्या मधला आला, म्हणजे अल्कधर्मी. डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, साडेपाचच्या आसपास. ऑक्टोबरात कानामागे खाज आणि पापुद्रे सुरू झाले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिलं आणि म्हणाले, "आधी हा बंद करा." बंद करून वेगळा शाम्पू घेतला, दोन आठवड्यांत खाज थांबली.

आता दुसरी बाटलीही खवट वासाची झाली आहे, खोबरं जुनं झाल्यावर येतो तसा. वापरण्याची अंतिम तारीख पुढच्या वर्षीची छापली आहे. उघडल्यानंतर किती महिने चालेल, याबद्दल एक अक्षर नाही.

माझी तक्रार साबणाबद्दल नाही. माझ्या वहिनीला तो मानवेल, तिने जरूर वापरावा. तक्रार अशी, की सुरुवात कशी करायची हे तुम्ही बाटलीवर चार ओळींत छापता आणि थांबायचं कधी हे ग्राहकाने विचारलं, तरी सांगत नाही. केस मेणचट होणं, खाज, पापुद्रे, वास बदलणं, यातल्या प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडे 'डिटॉक्स' हा एकच शब्द आहे.

म्हणून मागणी अशी : दोन्ही बाटल्यांचे मिळून १०९८ रुपये परत करावेत. हा शाम्पू साबणाचा आहे आणि बोअरच्या जड पाण्यात केसांवर थर बसतो, हे लेबलवर मोठ्या अक्षरांत छापावं. उघडल्यानंतर किती महिन्यांत संपवायचा तेही. आणि खाज सुटल्यावर थांबा, असं चॅटवर बसलेल्या मुलामुलींना बोलायची मुभा द्यावी. त्यांना दिलेलं वाक्यच ती पाठवत असणार, त्यांच्यावर माझा राग नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. चॅटचे स्क्रीनशॉट, डॉक्टरांची चिठ्ठी, पाण्याचा अहवाल आणि बिल सोबत जोडलं आहे. उरलेली अर्धी बाटली आणि नळाच्या पाण्याची बरणी मी ठेवून दिली आहे. तपासणीसाठी हवी असेल तर मागवून घ्या, कुरिअरचा खर्च तुमचा.

आपली,
एक ग्राहक, वाघोली