पावसाळ्याआधी गालिचे वाळवण्याबाबत

सर्व सभासदांस नमस्कार,

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. तोवरच्या कडक उन्हाचा फायदा घ्यावा. येत्या शनिवारी व रविवारी सकाळी ९ ते दुपारी ४ गच्ची खुली राहील. किल्ली वॉचमनकडे मिळेल.

गालिचा आधी उलटा टाकून झोडपावा, म्हणजे मुळाशी बसलेली धूळ सुटते. लोकरीचा असल्यास गरम पाणी नको, लोकर आटते. रंग उडू नयेत म्हणून पाठीची बाजू उन्हाकडे ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओलसर गालिचा गुंडाळू नये. एक-दोन दिवस दमट राहिला तरी बुरशी धरू शकते आणि दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना तिचा फार त्रास होतो. शंका वाटली तर आणखी एक दिवस वाळू द्यावा. नंतर घडी न घालता गुंडाळून जुन्या सुती चादरीत बांधावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.

कळकळीची विनंती: गॅलरीतून गालिचे झटकू नयेत, ओले गालिचे कठड्यावर टाकू नयेत. भिजलेल्या गालिच्याचे वजन फार असते. तो घसरला तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

ज्येष्ठ सभासदांना गालिचा गच्चीवर न्यायला मदत हवी असल्यास सोसायटीच्या कार्यालयात कळवावे, माणूस पाठवू.

सचिव