अमेरिकन अपॅरलवरून बोलायचं राहिलं ते

प्रिय सुनील,

काय भो, फोनवर तू घाईत होतास म्हणून लिहितोय. धुळ्यात टी-शर्टचं युनिट टाकतोयस याचा आनंदच आहे, आपला कापूस गाठी बांधून बाहेर जातो अन् शिवलेला कपडा बाहेरून येतो, हे आपण कॉलेजपासून बोलत आलोय. पण तू म्हणालास ना, कारागिरांना चांगला पगार देऊन कुणाला परवडलंय, अमेरिकन अपॅरल बघ, ती अमेरिकेतली टी-शर्टची कंपनी, बुडालीच, ते मला अजिबात पटलं नाही.

अरे, ती पगारामुळे नाही बुडाली. मॉन्ट्रियलच्या डव्ह चार्नीने ती उभी केली, लॉस एंजेलिस शहरातच कारखाना, कटिंग-शिलाई सगळं तिथंच, बाकीचे ब्रँड स्वस्त मजुरीच्या देशांकडे पळत होते तेव्हा हा किमान वेतनापेक्षा जास्त द्यायचा. शिवणारे बरेचसे मेक्सिको अन् मध्य अमेरिकेतून आलेले, त्यांना कायदेशीर कागदं मिळावीत म्हणून कंपनी उघड मोहीम चालवायची. हे मला आजही मोठं वाटतं.

पण त्याच मालकावर कंपनीतल्या बायकांनी लैंगिक छळाचे दावे टाकले, एकीने नाही, अनेकींनी. तो नाकारत राहिला. जाहिराती तर अशा की ब्रिटनमध्ये काहींवर बंदी आली. मशीनवरच्या बाईला नीट पगार द्यायचा अन् जाहिरातीत पोरींना असं दाखवायचं, मला याची चीडच येते.

२००९ ला सरकारने कामगारांची कागदपत्रं तपासली, ती नीट नव्हती म्हणून दीड हजाराहून जास्त जणांना काढावं लागलं, हात बसलेले कारागीर गेले अन् उत्पादन कोलमडलं. दुकानं आधीच भराभर उघडलेली, कर्ज चढलेलं, २०१० पासून दरवर्षी तोटा. २०१४ ला संचालक मंडळाने चार्नीला बाहेर काढलं. २०१५ ला दिवाळखोरी, २०१६ ला परत दिवाळखोरी. २०१७ ला गिल्डन नावाच्या कपड्यांच्या कंपनीने, ती पण मॉन्ट्रियलचीच, ८.८ कोटी डॉलरला ब्रँडचं नाव विकत घेतलं, दुकानं घेतलीच नाहीत. ११० दुकानं बंद, दोन हजारांहून जास्त लोक घरी.

आमचे अण्णा गिरणीत मागावर होते हे तुला माहितीय. गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांनी पगार जास्त मागितला म्हणून बुडाली, असंच सगळे बोलायचे, अण्णा गप्प ऐकून घ्यायचे. म्हणून तुझं वाक्य लागलं रे.

अन् चार्नीने २०१६ मध्येच त्याच शहरात लॉस एंजेलिस अपॅरल सुरू केली, परत तिथंच शिवून. म्हणजे गावात शिवणं जमतच नाही असं नाही.

तुझ्याकडे बायकाच जास्त असतील. त्यांच्या तक्रारी ऐकायला घरातलं माणूस नको, बाहेरची जाणती बाई ठेव. उधारीवर दुसरं युनिट लगेच काढू नको. अन् पीस रेट, म्हणजे नगामागे मजुरी, किती धरलास ते आधी कळव, मग पैसे लावायचं बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप