कामठी रोडच्या मिस्त्रीभाऊंना, कापलेल्या टाकीबद्दल

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

पैसे घेताना तुम्ही “ठीक आहे जी” म्हणालात आणि लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरलात. बोलायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

तुमच्याआधी ही 2008 ची गाडी दोन गॅरेजमध्ये जाऊन आली होती. पहिल्याने पेट्रोलच्या टाकीचा तडा एपॉक्सी पुट्टीने लिंपून दिला. टाकी फुल्ल केली आणि आठवड्यात पुट्टीची खपली नखाने निघाली. निघणारच! टाकी एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची. या प्लास्टिकला डिंक धरत नाही, म्हणून तर डिंकाच्या बाटल्या त्याच जातीच्या प्लास्टिकच्या करतात. टाकीच्या अंगावर पीई-एचडी अशी अक्षरं उमटवलेली असतात. ती वाचायला कोणी वाकलंच नाही.

दुसऱ्याने तर गॅसचा टॉर्च पेटवला. म्हणे, “पेट्रोल काढलं ना, मग काय होते?” अहो, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत ते प्रमाण केव्हा जमेल याचा नेम नाही. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं देशाचं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्या नागपुरात आहे. आणि त्याच गावात हे चालतं! गाडी तिथून ढकलतच बाहेर काढली.

तुम्ही टाकीला हात लावायच्या आधी विचारलंत, “झाकण उघडताना फुस्स आवाज येते का?” येत होता. हा प्रश्न तोवर कोणाला सुचला नव्हता. उत्तर टाकीत हवा येऊ देणाऱ्या व्हेंटच्या नळीत सापडलं: कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर बांधलेलं. झाकणातला व्हॉल्व्हही चिकटून बसला होता. पंप पेट्रोल ओढत राहतो, त्या जागी हवा येत नाही, मग टाकीचं पोट आत खेचलं जातं आणि झाकण उघडलं की परत फुगतं. त्यात टाकी धरून ठेवणाऱ्या एका पट्ट्याखालचं रबर कधीचं गळून पडलेलं. लोखंडी पट्ट्याची धार जिथे प्लास्टिकवर टेकत होती, तडा नेमका तिथूनच निघाला होता. नुसता तो बुजवला असता तर त्याच्या शेजारी दुसरा पडला असता.

जोड मारायची घाई तुम्ही केली नाही. साबणाच्या पाण्याने टाकी तीनदा विसळली, दोन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवली. मग तडा वर येईल अशी ठेवून तड्याच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे वाफ साचायला आत जागाच उरू नये. तडा पुढे पळू नये म्हणून दोन्ही टोकांना हाताच्या ड्रिलने तीन मिलीमीटरची भोकं. पुट्टीचा कण न कण खरवडला, व्हीसारखी खाच केली आणि गरम हवेने त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून भरली. तपासणीला कॉम्प्रेसर नाही, सायकलचा पंप. तोंडं बंद करून जेमतेम दोन पीएसआय हवा आणि वर साबणाचा फेस. कॉम्प्रेसरने टाकी फुगवून तिची शिवण उसवणारे महाभागही असतात.

फेस शांत होता. मी तर पास म्हणून मोकळा झालो होतो. तुम्ही चष्मा पुसून परत पाहिलंत. जोडाच्या एका टोकाला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, थोड्या वेळाने परत आला. तुम्ही खडूने त्याभोवती गोल काढलात. “इतकी वर्षं पेट्रोल पिऊन बसलं हे प्लास्टिक. गरम केलं का घाम सुटते, जोड धरत नाही. हे आपल्या भरवशाचं नाही जी.” दोन दिवसांच्या कामाचे पैसे विचारले तर म्हणालात, “टिकलंच नाही, त्याचे कायचे पैसे?”

कंपनीत या मॉडेलची टाकी आता मिळत नाही. कबाड्यात तुम्ही तीन टाक्या पाहून परत ठेवल्यात. त्यातल्या एकीवर काळा रंग मारून पुट्टी लपवली होती. चौथी घेतलीत, तीही टाकीतल्या पंपाचं तोंड आणि नळ्यांची जागा जुनीशी ताडून आणि तोच सायकलचा पंप, तोच फेस लावून. बसवताना पंपाच्या रिंगखालचं रबर नवीन, कारण जुनं पेट्रोलमध्ये फुगतं आणि खाचेत परत बसत नाही. रिंग पितळेच्या सळीने ठोकलीत, लोखंडाने नाही, ठिणगी नको म्हणून. दोन्ही पट्ट्यांखाली नवीन रबर, व्हेंटच्या तोंडाला जाळी. झालं.

पण आभार खरे त्याच्या नंतरचे. गाडी तयार होती, पैसे दिले होते, तुमचं काम संपलं होतं. जुनी टाकी कोपऱ्यात पडलेली. ती तुम्ही नळाखाली काठोकाठ पाण्याने भरलीत, हातकरवत घेतलीत आणि तिचं पेट्रोल भरायचं तोंडच कापून काढलंत. चांगली दहा मिनिटं लागली, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. “का कापली?” विचारल्यावर वर न पाहता म्हणालात, “कबाडीवाला रंग मारून विकून टाकीन हिला. कोणाच्या तरी गाडीखाली जाईन.”

तो कोण, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. त्याला कधी कळणारही नाही. त्याच्या वतीनेही हे आभार घ्या.

परवा कामठी रोडने जाताना तुमच्या दुकानात डोकावलो. तुम्ही नव्हतात. पोरगा एका गाडीत कूलंट ओतत होता आणि नरसाळं म्हणून त्याच्या हातात ते कापलेलं तोंड होतं.

आपला,
त्रिमूर्तीनगरचा गाडीवाला